एकाच इमारतीतली दोन मुलं, एकाला पावती, दुसरीला "जागा नाही". युरोपातले हक्क या टेबलापर्यंत पोचतात कसे?

दुपारची_ट्राम (ओस्ट्राव्हा)

नमस्कार. थोडं लांब लिहिते आहे. प्रसंग नीट सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

आम्ही तीन वर्षं चेकियात, ओस्ट्राव्हाला राहतोय. कोळसा आणि पोलादावर वाढलेलं शहर. शहरातली शेवटची कोळशाची खाण १९९४ मध्ये बंद झाली, पण विटांच्या जुन्या इमारती अजून उभ्या आहेत आणि त्यातल्याच एकीत दुसऱ्या मजल्यावर आमचं घर आहे. तळमजल्यावर एक रोमा कुटुंब राहतं (रोमा म्हणजे युरोपातला एक अल्पसंख्य समाज, ज्याला पूर्वी बरेच जण "जिप्सी" म्हणायचे). त्यांची मुलगी आणि माझा मुलगा एकाच वयाचे, दोघंही सहा वर्षांचे. मधल्या अंगणात लपाछपी खेळताना राज्य तिच्यावर आलं की ती दहापर्यंत मराठीत मोजते, फक्त "सात"चं "सत" होतं. माझ्या मुलाचं चेक बरंचसं तिच्याकडूनच आलंय. बालवाडीत दोन वर्षं गप्प बसणारा मुलगा अंगणात बोलायला लागला, हे मी कधीच विसरणार नाही.

इथे प्रत्येक पत्त्याला हद्दीची एक शाळा ठरलेली असते. तिथे प्रवेशाचा पहिला हक्क तुमचा. पण जागा असेल तर पालक दुसरी कुठलीही शाळा निवडू शकतात. आमच्या हद्दीच्या शाळेतून बाकीच्यांनी एकेक करत मुलं काढून घेतली, आणि आता तिथे जवळपास सगळी मुलं रोमा आहेत. तीन थांबे पुढे दुसरी शाळा आहे. आम्ही ती बघितली, खालच्या ताईंनीही बघितली होती. "तू आणि मी एकत्रच जाऊया का?" असं त्यांनीच विचारलं. झापिसला, म्हणजे पहिलीच्या नावनोंदणीला, आम्ही चौघं ट्रामने गेलो.

एका मोठ्या वर्गात चार टेबलं, प्रत्येकावर रंगीत पेन्सिलींचा डबा. आमचा नंबर आधी आला. टेबलामागच्या बाई छान होत्या. मुलाला रंग विचारले, चित्र काढायला सांगितलं, अर्ज घेतला, शिक्का मारला आणि नोंदणी क्रमांकाची चिठ्ठी हातात दिली. आमचा पत्ता त्या शाळेच्या हद्दीत नाही हे अर्जावर स्पष्ट होतं. त्यावर एक शब्दही निघाला नाही.

मग त्याच टेबलावर खालच्या ताई बसल्या. बाईंनी त्यांचा अर्ज हातातही घेतला नाही. "तुमची शाळा दुसरी आहे. इथे जागा भरल्यात. तिथे तिला ओळखीची मुलं भेटतील, तिला बरं वाटेल," असं म्हणाल्या. आवाज अगदी मायेचा होता. ताई "डोब्रझे" म्हणाल्या, म्हणजे "बरं". अर्जाची चौपदरी घडी घातली आणि उठल्या. आम्ही कोट घालत होतो तेवढ्यात त्याच टेबलावरून तिसऱ्या एका आईला चिठ्ठी मिळाली. मी डोळ्यांनी पाहिलं.

छोटीने या दिवसासाठी गोगलगायीची कविता पाठ केली होती. ती म्हणायची राहून गेली. परतीच्या ट्राममध्ये तिने ती खिडकीच्या काचेशी तोंड नेऊन, पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटली. ताई बाहेर बघत होत्या.

आता प्रश्न. युरोपात मूलभूत हक्कांची सनद आहे, न्यायालयं आहेत, रोमा समावेशाची धोरणं आहेत. आणि शाळेतल्या भेदभावाचा सर्वांत गाजलेला निकाल तर याच शहरातल्या मुलांचा आहे, असं मी ऐकलं. मग त्या टेबलावर तो निकाल का पोचत नाही? मी रोमा नाही, माझ्या मुलाला तर चिठ्ठी मिळाली. मला यात काही बोलण्याचा हक्क आहे का? आणि खरं सांगते, आमचा इथे राहण्याचा परवाना नूतनीकरणाला आलाय, त्याचीही भीती वाटते. नावनोंदणी अजून तीन दिवस चालू आहे.

---

सरळरेघ (प्राग)

ताई, तुमची कळकळ पोचली. पण मी अकरा वर्षं इथे आहे, माझी दोन मुलं इथल्या शाळेत शिकली, म्हणून स्पष्ट बोलतो. तुमच्या मुलाला तिथे नऊ वर्षं काढायची आहेत. पहिल्याच आठवड्यात "तक्रारवाल्या बाईचा मुलगा" अशी ओळख झाली तर त्याचं कसं होईल? शाळांचीही एक अडचण आहे. एका वर्गात रोमा मुलं जास्त झाली की बाकीचे पालक दाखले काढतात. ही मुख्याध्यापकांची खरी भीती आहे, मी पालकसभेत ऐकली आहे. खालच्या ताईंनी स्वतः "बरं" म्हटलंय. त्यांची इच्छा नसताना तुम्ही पुढे होणं कितपत योग्य? रागावू नका, मुलाचा विचार आधी करा एवढंच म्हणणं आहे.

---

डॅन्यूबकाठ (व्हिएन्ना)

मी समान वागणुकीच्या कायद्यावर काम करते. ओस्ट्राव्हाचं प्रकरण मला जवळजवळ पाठ आहे, म्हणून सविस्तर लिहिते. तीनच दिवस आहेत, त्यामुळे आधी कामाचं.

ट्राम, "जागा भरल्या" हे तोंडी उत्तर म्हणजे निर्णय नव्हे. चेक कायद्यात शाळाप्रवेश ही प्रशासकीय कार्यवाही आहे. पालकांचा अर्ज शाळेकडे पोचला की ती सुरू होते आणि निर्णय मुख्याध्यापकांनाच द्यावा लागतो. प्रवेश मिळालेल्यांचे नोंदणी क्रमांक शाळेत आणि संकेतस्थळावर लावतात. नकार मात्र लेखी आणि कारणांसह द्यावा लागतो, आणि त्यावर १५ दिवसांत प्रादेशिक कार्यालयाकडे अपील करता येतं. टेबलावरच्या बाईंना अर्ज नाकारण्याचा अधिकारच नाही. अर्ज घेतला नाही म्हणून कार्यवाही सुरू झाली नाही, कार्यवाही नाही म्हणून नकार नाही, नकार नाही म्हणून अपील नाही. सगळा भेदभाव त्या घडी घातलेल्या कागदात राहिला आणि सरकारी दप्तरात त्याची एक ओळही उमटली नाही. माझ्या कामात मला सर्वांत जास्त छळणारी गोष्ट हीच आहे. न्यायालयात हरलेली माणसं मला दिसतात. ज्यांचा अर्जच टेबलावरून परत गेला, ती कुठल्याच आकडेवारीत नसतात.

तेव्हा उद्या तोच अर्ज पोस्टाने, पोचपावतीसह पाठवा. किंवा शाळेच्या कार्यालयात नेऊन प्रतीवर आवक शिक्का मागा. बस. वाद घालू नका.

आता तुमच्या शहराच्या निकालाबद्दल. ओस्ट्राव्हातल्या १८ रोमा मुलांना १९९६ ते १९९९ दरम्यान "विशेष शाळां"त टाकलं गेलं. त्या शाळा बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी होत्या. १९९९ मध्ये मुख्याध्यापकांकडून प्रश्नावलीने माहिती जमवली गेली. शहरातल्या प्राथमिक शाळांतल्या ३३,३७२ मुलांत रोमा २.२६ टक्के होती. विशेष शाळांतल्या १,३६० मुलांत मात्र ७६२ रोमा, म्हणजे ५६ टक्के. मुलं २००० मध्ये स्ट्रासबुर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेली. २००६ मध्ये तिथल्या लहान पीठाने त्यांचं म्हणणं फेटाळलं. १३ नोव्हेंबर २००७ रोजी महापीठाने १३ विरुद्ध ४ मतांनी ते मान्य केलं: हा शिक्षणाच्या हक्कातला भेदभाव आहे, आणि तो सिद्ध करायला कुणाचा वाईट हेतू दाखवावा लागत नाही, परिणाम पुरेसा आहे. प्रत्येकाला ४,००० युरो भरपाई मिळाली. तोवर त्यांच्यातलं धाकटं मूलसुद्धा सोळाच्या आसपास पोचलं होतं. शाळेचं वय सरून गेलं होतं.

सरळरेघ, "ताईंनी स्वतः बरं म्हटलं" या तुमच्या मुद्द्याचं उत्तरही त्याच निकालात आहे. पालकांनी संमतीवर सह्या केल्या होत्या, असा चेक सरकारचा बचाव होता. न्यायालय म्हणालं की त्या पालकांना पर्याय काय आहेत आणि परिणाम काय होतील हे नीट सांगितलंच गेलं नव्हतं. आणि तसं सांगितलं असतं तरी, वंशावरून भेदभाव न होण्याचा हक्क कुणाला सोडून देता येत नाही. वर्गातल्या टेबलासमोर, मुलीच्या देखत म्हटलेलं "डोब्रझे" तर संमतीच्या जवळपासही जात नाही.

मुख्याध्यापकांच्या भीतीबद्दल: ती खरी आहे हे मान्य. पण इतर पालक निघून जातील म्हणून एका मुलीला दारातून परत पाठवायचं, तर त्या पालकांच्या पूर्वग्रहाची किंमत ती मुलगी भरते. २००८ मध्ये लक्झेंबर्गच्या न्यायालयापुढे बेल्जियमचं एक प्रकरण आलं होतं. दारं बसवणाऱ्या एका कंपनीच्या संचालकाने जाहीरपणे सांगितलं की गिऱ्हाइकांना परदेशी वंशाचे कामगार घरात नको असतात, म्हणून आम्ही त्यांना घेत नाही. गिऱ्हाइकांच्या नावावर खपवलेला तो भेदभावही न्यायालयाने भेदभावच ठरवला, आणि नाव घेऊन पुढे आलेली एकही पीडित व्यक्ती नसताना.

दोन न्यायालयांची नावं आली म्हणून एक खुलासा, कारण यात बरेच लोक अडखळतात. स्ट्रासबुर्गचं न्यायालय युरोप परिषदेचं, ४६ देशांचं. ते १९५० च्या मानवी हक्क करारावर चालतं. लक्झेंबर्गचं न्यायालय युरोपीय संघाचं, २७ देशांचं. बारा ताऱ्यांचा झेंडा दोन्हीकडे एकच, त्यामुळे घोळ होतो. मूलभूत हक्कांची सनद संघाची. ती २००० मध्ये नीसला जाहीर झाली आणि १ डिसेंबर २००९ पासून बंधनकारक आहे, पण देशांवर ती संघाचा कायदा राबवतानाच लागू होते. तुमच्या टेबलावर सर्वांत धारदार हत्यार सनद नाही. ते आहे २००० सालचा वांशिक समानता निर्देश. निर्देश म्हणजे सदस्य देशांनी आपापल्या कायद्यात उतरवायचा संघाचा कायदा. नोकरी, शिक्षण, सामाजिक संरक्षण, घर, वस्तू आणि सेवा, एवढं सगळं त्यात येतं. तो नागरिकत्व बघत नाही, म्हणजे तुम्हालाही तेच संरक्षण आहे. आणि त्यात पुराव्याचं ओझं फिरतं: भेदभाव झाला असं मानायला जागा आहे एवढं तुम्ही दाखवलंत, की तो झाला नाही हे शाळेला सिद्ध करावं लागतं.

आणि ट्राम, तुमच्याजवळ काय आहे ते बघा. तीच इमारत, तेच वय, तोच दिवस, तेच टेबल, दोघंही हद्दीबाहेरचे. एकाला चिठ्ठी, दुसरीला नाही, आणि लगेच तिसऱ्याला चिठ्ठी. अशी तुलना सहसा चाचणी म्हणून मुद्दाम घडवून आणावी लागते. तुमच्याकडे ती आपोआप घडली आहे. आज रात्रीच वेळ, टेबल, शब्द, सगळं तारखेसह लिहून ठेवा. चेक शब्द जसे ऐकले तसेच लिहा.

---

प्लेव्हनची_डॉक्टर

"मी रोमा नाही, मला बोलण्याचा हक्क आहे का?" एवढ्याच प्रश्नाला उत्तर देते, कारण मी सहा वर्षं बल्गेरियात शिकले आणि तिथलंच एक प्रकरण याला नेमकं लागू पडतं.

सोफियाहून रिलाच्या मठाकडे जाताना दुप्नित्सा नावाचं गाव लागतं. तिथल्या रोमा वस्तीत वीज कंपनीने सगळ्यांचे मीटर सिमेंटच्या खांबांवर सहा-सात मीटर उंच बसवले. इतर भागांत तेच मीटर १ मीटर ७० सेंटिमीटरवर, डोळ्यांसमोर. कंपनीचं म्हणणं, वीजचोरी होते. म्हणजे वस्तीतला प्रत्येक माणूस आधीच चोर धरला. आपलं बिल बरोबर आहे का हे पडताळायला मान कितीही वर केली तरी आकडा दिसणार नाही.

त्याच वस्तीत किराणा दुकान चालवणाऱ्या एका बाईंनी तक्रार केली, आणि त्या रोमा नव्हत्या. १६ जुलै २०१५ रोजी लक्झेंबर्गच्या न्यायालयाने सांगितलं की वांशिक कारणाने केलेल्या वागणुकीचा फटका ज्याला ज्याला बसतो त्याला हे संरक्षण आहे, तो स्वतः त्या समाजाचा असो वा नसो. सगळ्या वस्तीवर सरसकट असा ठपका ठेवणं अपमानकारक आहे, असंही म्हटलं.

मला त्या दुकानदार बाई फार मोठ्या वाटतात. त्यांनी सुरुवात एवढ्यावरच केली होती की माझा मीटर मला दिसायला हवा. ट्राम, तुम्हीही दिसलं तेवढंच सांगा. तेवढं पुरतं.

---

दुपारची_ट्राम

तुम्हा दोघींची उत्तरं मी काल रात्री नवऱ्याला वाचून दाखवली. सकाळी खाली गेले. ताईंना चेकमध्ये सांगणं मला जड गेलं, "प्रशासकीय कार्यवाही" हा शब्दच मला येत नव्हता. शेवटी एवढंच म्हटलं, "त्यांनी नाही म्हटलेलं नाही. नाही म्हणायचं असेल तर त्यांना ते लिहून द्यावं लागतं."

त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "कागदावर सही केली की आमच्या घरात चांगलं काही झालेलं नाही." त्यांच्या आईबद्दल काहीतरी होतं, ते मला नीट कळलं नाही आणि मी खोदून विचारलं नाही. इथल्या कुणाला हे जास्त ठाऊक आहे का?

सरळरेघदादा, तुमच्यावर राग नाही. तुमचं म्हणणं माझ्याही मनात आलं होतं, आणि म्हणूनच मी त्या टेबलापाशी गप्प बसले. ते मला सलतंय.

---

खडूफळा (बर्नो)

मी इथल्या प्राथमिक शाळेत शिक्षक-सहायक आहे. ताईंच्या त्या वाक्यावर थोडं लिहितो.

चेक प्रदेशातली मूळची रोमा कुटुंबं दुसऱ्या महायुद्धात जवळजवळ सगळी संपवली गेली. लेटी आणि होडोनिन इथे त्यांच्यासाठी छावण्या होत्या. लेटीच्या जागेवर नंतर १९७० च्या दशकात वराहपालन केंद्र उभं राहिलं आणि ते पाडून तिथे स्मारक व्हायला २०२४ उजाडलं. युद्धानंतर बहुतेक कुटुंबं स्लोव्हाकियातून आली, कारखान्यांत आणि खाणींत कामाला, ओस्ट्राव्हात तर फार मोठ्या संख्येने. मग आणखी एक प्रकरण घडलं. दवाखान्यात बायकांकडून कागदावर सही घेऊन, किंवा तेवढंही न करता, नसबंदी केली गेली, आणि त्यात रोमा बायका फार होत्या. कुणाला प्रसूतीच्या कळांत कागद पुढे केला, कुणाला पैशाचं आमिष दाखवलं, कुणाला मुलं काढून घेऊ म्हणून धमकावलं. लोकपाल ओताकार मोतेयल यांनी २००५ मध्ये चौकशीअंती हे गैर असल्याचा निष्कर्ष काढला. १९६६ ते २०१२ या काळातल्या पीडितांना प्रत्येकी ३,००,००० कोरुना देण्याचा कायदा २०२१ मध्ये झाला. ओस्ट्राव्हातल्या बायकांनी त्यासाठी वर्षानुवर्षं लढा दिला. तुमच्या शेजारणीच्या घरात नेमकं काय घडलं ते मला माहीत नाही. पण त्या पिढीतल्या बाईला "इथे सही करा" या शब्दांनी काय वाटत असेल, याचा अंदाज येतो. त्यांच्यासोबत बसून प्रत्येक ओळ मोठ्याने वाचा. घाई करू नका.

आता शाळेचं. २००७ च्या निकालाने काहीच झालं नाही असं म्हणू नका, मी ते आतून बघतो आहे. विशेष शाळा २००५ मध्ये नुसत्या नावाने बदलल्या होत्या, आत तेच चालू होतं. पण सौम्य बौद्धिक अक्षमतेचा तो वेगळा, पातळ अभ्यासक्रम २०१६ मध्ये खरोखर गेला, आणि मूल ज्या शाळेत आहे तिथेच त्याला आधार द्यायचा असं कायद्यात आलं. माझी नोकरीसुद्धा त्यातूनच निघाली. २०१७ पासून पहिलीच्या आधीचं बालवाडीचं एक वर्ष सक्तीचं आहे आणि सरकारी बालवाडीत ते मोफत आहे. माझ्या वर्गात एक मुलगा होता, त्याला पेन्सिल धरता येत नव्हती. जुन्या काळी त्याची रवानगी थेट विशेष शाळेत झाली असती. आम्ही नोव्हेंबरपर्यंत रोज वीस मिनिटं फक्त चिमटीत मणी ओवले. त्याच्या बुद्धीत काही कमी नव्हतं, घरी पेन्सिलच नव्हती. फेब्रुवारीत त्याने माझं नाव लिहिलं, आडनावासकट.

अडचण आता सरकली आहे. पूर्वी चाचणी घेऊन वेगळं काढायचे, आता हद्दी आणि पालकांची पसंती ते काम करतात. म्हणून झापिसचं टेबल इतकं महत्त्वाचं. तुम्ही नेमक्या जागेवर बोट ठेवलंय.

---

सरळरेघ (प्राग)

वाचतोय सगळं. संमतीचा मुद्दा मी मागे घेतो, मला तो निकाल ठाऊक नव्हता. पण दोन प्रश्न उरतात. त्यांच्या परवान्याचं काय? आणि समावेशासाठी युरोपातून एवढा पैसा येतो, तो जातो कुठे?

---

डॅन्यूबकाठ (व्हिएन्ना)

परवाना: तक्रार केली किंवा तिला साथ दिली म्हणून कुणाचं नुकसान करता येत नाही, हे त्या निर्देशातच आहे. साथ देणाऱ्याबद्दल एक स्पष्ट निकालही आहे, स्त्री-पुरुष समानतेच्या निर्देशाखालचा. बेल्जियममधल्या एका कपड्यांच्या दुकानाच्या व्यवस्थापक बाईंनी एका गरोदर उमेदवाराला निवडलं, वरून नकार आला, आणि असा नकार बेकायदा आहे असं त्यांनी वरिष्ठांना बजावलं. पुढे त्यांचीच नोकरी गेली. जून २०१९ मध्ये लक्झेंबर्गच्या न्यायालयाने सांगितलं की भेदभाव झालेल्या व्यक्तीच्या बाजूने उभं राहणाऱ्यालाही संरक्षण आहे, ती साक्ष औपचारिक नसली तरी. ट्राम, तुम्हाला तर खटला भरायचाच नाहीये. बर्नोला लोकपालांचं कार्यालय आहे. चेकियात २००९ मध्ये भेदभावविरोधी कायदा आला तेव्हापासून समान वागणुकीची संस्था तीच. तक्रारीला पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही. त्यांचं मत शाळेवर बंधनकारक नसतं, पण पुढे कुठेही जायचं झालं तर वजनदार कागद हातात असतो.

पैसा: २०२१ ते २०२७ च्या युरोपीय सामाजिक निधीतला किमान २५ टक्के वाटा प्रत्येक देशाने सामाजिक समावेशावर खर्च करायचा आहे, आणि संघाचे हे निधी वापरताना सनद पाळणं ही अट आहे. खडूफळांसारखे शिक्षक-सहायक बऱ्याच शाळांत अशाच पैशातून सुरू झाले. २०२० च्या रोमा धोरणात लक्ष्यही लिहिलंय: रोमांची वस्ती मोठी असलेल्या देशांत वेगळ्या पाडलेल्या प्राथमिक शाळांत जाणाऱ्या रोमा मुलांचं प्रमाण २०३० पर्यंत निम्म्यावर आणायचं. पण लक्ष्य चुकलं म्हणून कुणाला न्यायालयात खेचता येत नाही. निर्देश मोडला तर येतं. संघाचा कारभार बघणाऱ्या युरोपीय आयोगाने शाळांतल्या रोमा मुलांशी होणाऱ्या भेदभावावरून चेकियावर २०१४, स्लोव्हाकियावर २०१५ आणि हंगेरीवर २०१६ मध्ये कारवाई सुरू केली आणि स्लोव्हाकियाला तर २०२३ मध्ये न्यायालयात नेलं. हंगेरीत ग्यंग्यशपाता गावच्या शाळेत रोमा मुलांना वर्षानुवर्षं वेगळ्या वर्गांत बसवलं होतं. २०२० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ६० मुलांना एकूण ९.९ कोटी फोरिंट द्यायला लावले. पंतप्रधानांनी त्यावर उघड नाराजी व्यक्त केली होती, तरी पैसे द्यावेच लागले.

आणखी एक, प्रवेश मिळाला तरी तुकडी कुठली मिळते ते बघा. क्रोएशियात मुलं नेहमीच्याच शाळेत होती, पण भाषा येत नाही म्हणून फक्त रोमा मुलांचे वेगळे वर्ग. स्ट्रासबुर्गच्या महापीठाने २०१० मध्ये तो भेदभाव ठरवला, तोही ९ विरुद्ध ८ अशा काठावरच्या मतांनी.

---

दुपारची_ट्राम

उशिरा कळवते आहे, माफ करा.

खडूफळा, तुम्ही सांगितलं तसंच केलं. ताईंच्या स्वयंपाकघरात बसून अर्जाची प्रत्येक ओळ मोठ्याने वाचली. चौपदरी घडीचाच तो कागद, हाताने सपाट केला. सही करण्याआधी त्यांनी दोनदा विचारलं, "यात तिला दुसरीकडे पाठवायचं काही नाही ना?" नव्हतं. त्यांनी सही केली. पोस्टात आम्ही दोघी गेलो, पोचपावती घेतली. चार दिवसांनी शाळेकडून नोंदणी क्रमांक आला. ताईंनी तो कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवला.

त्याच पाकिटासोबत मी मुख्याध्यापकांना माझ्या नावाने एक पत्र दिलं. आरोप केला नाही. कुठल्या दिवशी, किती वाजता, कुठल्या टेबलावर मला चिठ्ठी मिळाली, माझ्या शेजारणीला काय सांगितलं गेलं आणि नंतर कुणी चिठ्ठी घेतली, एवढंच. प्रवेशाचे निकष सगळ्यांना सारखे लागू आहेत ना, एवढा एकच प्रश्न. पत्राला उत्तर आलं नाही.

काल यादी लागली. दाराच्या काचेवर आतून, नुसते क्रमांक, नावं नाहीत. माझ्या मुलाचा लगेच दिसला. तिचा सापडेना, कारण ताई वरच्या रांगेत शोधत होत्या आणि तो अगदी खाली होता, छोटीच्याच उंचीवर. तिनेच दाखवला.

सरळरेघदादा, तुमचा निरोप मिळाला. तुमच्या मुलांच्या शाळेच्या पालकसभेत निकषांचा विषय काढणार आहात, हे वाचून बरं वाटलं.

डॅन्यूबकाठ, तुकडीचं विचारलं. पहिलीच्या दोन तुकड्या आहेत, वाटणी ऑगस्टच्या शेवटी होते, आणि कशाच्या आधारावर ते कार्यालयात कुणी सांगू शकलं नाही. म्हणून तो प्रश्न कालच लेखी दिला आणि या वेळी प्रतीवर आवक शिक्का घेतला. लोकपालांकडे आत्ताच लिहू की सप्टेंबरची वाट बघू?